पाटा थोरल्याकडे, वरवंटा धाकट्याकडे

घ्या मंडळी, मांडी बदलून घ्या. पूर्वरंग झाला. मृदंगमहाराजांनी बोटं मोडून घेतली, माझा घसा ओला झाला, आता आख्यान. बघा, आख्यान म्हटल्याबरोबर मागची माणसं कशी सरसावून बसली! मघाशी ब्रह्म आणि माया चाललं होतं, तेव्हा खांबाला टेकून सगळ्यांची समाधी लागली होती. ‘गोष्ट’ म्हटलं की समाधी उतरते. असू दे. देवालाही गोष्टच आवडते, म्हणून तर त्यानं तुम्हाला-मला इतकं भांडकुदळ केलं.

तर प्रश्न असा आहे. परवा एका गावी एक गृहस्थ मला म्हणाले, ‘‘बुवा, घर माझं, भाऊ माझा, भांडण माझं. मी माजघरात भांडीन नाहीतर एस. टी. स्टँडवर भांडीन. शेजाऱ्याच्या बापाचं काय जातं?’’

मी विचारात पडलो. प्रश्न बिनतोड आहे हो! तुमच्या घरच्या भांडणात शेजाऱ्याचं खरंच काय जातं? उलट त्याची फुकट करमणूक होते. त्यानं तर चहा पाठवायला पाहिजे. काय विणेकरी बुवा, बरोबर ना? हे मान हलवतात, पण बोलत नाहीत. यांना दोन भाऊ आहेत, म्हणून.

मंडळी, ऐका. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या गावचे पाहुणे इथं बसलेले असायचे. गावात खालची आळी म्हणून एक आळी. तिथं एका ओळीत तीन घरं. डाव्या हाताला थोरला भाऊ उत्तम, उजव्या हाताला धाकटा जालिंदर, आणि दोघांच्या मध्ये गेनू अण्णा सुतार. जागा मिळेल तशी घरं बांधली गेली, त्याला कोण काय करणार? भावाभावांच्या मध्ये सुताराची भिंत. उत्तमच्या घरात कुणी शिंकलं तर ‘सत्य आहे’ म्हणायचं काम गेनू अण्णाकडे, आणि जालिंदरच्या घरात भांडं पडलं तर दचकायचं कामही त्याच्याकडेच.

उत्तम आणि जालिंदरची आई यसुबाई. मोठी कर्ती बाई. ती गेली आणि मुलांनी वाटणी केली. आता तुम्ही म्हणाल, इथंच कुऱ्हाडी निघाल्या. नाही! जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं, म्हशी वाटल्या, कुणी आवाज चढवला नाही. पंच सुपारी फोडून घरी गेले. गाव म्हणालं, भाऊ असावेत तर असे.

आणि मग राहिला आईचा पाटा-वरवंटा.

थोरली सून सिंधू. तिनं पाटा उचलला आणि घरात नेला. धाकटी सून मालन. तिनं वरवंटा पदराखाली घेतला आणि घरात नेला. झालं! पाटा थोरल्याकडे, वरवंटा धाकट्याकडे. आता सांगा, चटणी कुणाची वाटली जाणार? पण चटणी वाटायची होती कुणाला? दोघांच्या घरात मिक्सर होता. थोरल्यानं पाट्यावर बादली ठेवली. धाकट्यानं वरवंटा दाराला लावला, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. पण ‘‘त्याच्याकडचा अर्धा मला मिळालाच पाहिजे!’’ कशासाठी? तर तत्त्वासाठी. मंडळी, माणसानं पोटासाठी भांडावं, ते भांडण पोट भरल्यावर मिटतं. तत्त्वासाठी भांडायला लागला की त्याला देवसुद्धा हात जोडतो.

बरं, भांडा की! दार लावा, कडी घाला आणि भांडा. आमच्या आजोबा-पणजोबांनी काय कमी भांडणं केली? पण दारात परका दिसला की तोंडं बंद आणि ‘‘या, बसा, पाणी घ्या.’’ त्याला लोक ढोंग म्हणायचे. आता ढोंग गेलं, आता सगळं खुलं!

उत्तम होता तरुण मंडळाचा अध्यक्ष. चाळिशी उलटली तरी मंडळ तरुण आणि अध्यक्षही तरुण. त्यानं चौकात फ्लेक्स लावला. वर आईचा फोटो, सुपारीएवढा. खाली उत्तमचा फोटो, दरवाजाएवढा. काळा गॉगल, हाताची घडी. आणि मजकूर काय? ‘आईच्या वस्तूवर डल्ला मारणाऱ्यांना जनता माफ करणार नाही.’ खाली शुभेच्छुक म्हणून अख्खं मंडळ. जनतेला पत्ताच नाही की आपण कुणाला तरी माफ करणार नाही आहोत.

जालिंदर गप्प बसतो काय? त्यानं समोरच्या खांबावर त्याहून मोठा लावला. मागं डरकाळी फोडणारा वाघ, पुढं जालिंदर. ‘डोक्यात पाटा पडला तरी मागे हटणार नाही.’ अरे, पाटा टाकतंय कोण? पाट्यावर तर बादली आहे!

हसताय? हसा, हसा. माताभगिनी जास्त हसतायत. त्या तिसऱ्या ओळीतल्या ताई, काल मोबाईलवर स्टेटस काय ठेवलं होतं? ‘काही माणसं साखरेसारखी दिसतात, पण असतात तुरटी.’ कुणासाठी होतं ते? नणंदेसाठीच ना? नणंदेनं बघितलं की नाही देव जाणे, पण साऱ्या गल्लीनं बघितलं. आणि गल्लीतली प्रत्येक बाई घरी आरशासमोर उभी राहिली — मी तर नव्हे ना तुरटी?

असो. फ्लेक्सनं भागेना. फ्लेक्स वाचायला चौकात जावं लागतं, आणि आपली माणसं आळशी. म्हणून उत्तमनं मंडळाचा कर्णा आणला आणि आपल्या गच्चीवर बांधला. सकाळी आधी देवाची आरती. आरती संपली की तोच आवाज, तोच भक्तिभाव, ‘‘आळीतील सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, आमचे धाकटे बंधू यांनी आईच्या आजारपणात एकदाही...’’ आणि मग सगळं सुरू. आईला औषध कुणी आणलं नाही, कोण कुणाच्या लग्नात रुसलं, कुणाची बायको कुणाला काय बोलली. दुसऱ्या दिवशी जालिंदरच्या गच्चीवर कर्णा. ‘‘थोरल्या बंधूंच्या निवेदनातील खोटेपणा आम्ही उघड करीत आहोत.’’ नारदमुनींना त्रिलोकात हिंडावं लागायचं, यांना गच्चीवर चढलं की पुरे.

आणि आळी काय करत होती? आळी खूश! बायकांनी टीव्हीवरच्या मालिका सोडल्या. तिथं सासू कधी मरेल सांगता येत नाही, इथं सासू आधीच मेलेली, गोष्ट एकदम पुढं सरकलेली. पुरुषमंडळी दाराशी दात घासत उभी. आधी नुसतं ऐकलं. मग आपसात म्हणाले, ‘‘तसं उत्तमचंही बरोबर हाय.’’ दुसरा म्हणाला, ‘‘पर जालिंदरचं काय चुकलं?’’ संपलं! आळी फुटली. डावीकडची घरं थोरल्याची, उजवीकडची धाकट्याची. दूधवाल्यानं आधी उजवीकडं दूध घातलं म्हणून डावीकडच्यांनी दूध बदललं. पापड लाटायला एकत्र बसणाऱ्या बायका आपापल्या ओट्यावर एकट्या लाटायला लागल्या. विचारा, त्यांच्यापैकी कुणाचा पाटा गेला होता की वरवंटा? काडीचा संबंध नव्हता!

आणि मध्ये गेनू अण्णा.

गेनू अण्णाची बायको ठकूबाई. ती अंथरुणाला खिळलेली. पोटात काहीतरी उठलेलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता घरी न्या, झोप लागेल तेवढी लागू द्या. म्हातारीला दुसरं काही नको होतं, मंडळी. झोप! कळ यायची, कळ ओसरायची, आणि मध्ये थोडा डोळा लागायचा. तेवढ्यासाठी गेनू अण्णानं स्वतःचा रंधा बंद केला. ज्या माणसाचं पोट रंध्यावर, त्यानं रंधा खुंटीला लावला, बायकोला आवाज नको म्हणून. आणि डाव्या कानाला उत्तमचा कर्णा, उजव्या कानाला जालिंदरचा.

अण्णा उठला, उत्तमच्या दारात गेला. म्हणाला, ‘‘उत्तम, जरा बारीक कर बाबा. तिचा डोळा लागंना.’’

उत्तम पाया पडला. संस्कारी मुलगा! म्हणाला, ‘‘अण्णा, तुम्ही वडीलमाणूस. तुमचा शब्द खाली पडू देणार न्हाई. पर आधी त्याला बंद करायला सांगा.’’

अण्णा जालिंदरच्या दारात गेला. जालिंदर म्हणाला, ‘‘आधी त्याच्याकडं गेला व्हता न्हवं? बघितलं म्या गच्चीवरनं. आता कळलं अण्णा, तुम्ही कुणाकडचं.’’

‘‘आरं, मी कुणाकडचा? मी ठकीकडचा,’’ अण्णा म्हणाला.

काय खोटं बोलला? पण दुसऱ्या दिवशी सकाळी आरती झाली आणि कर्ण्यावर आलं, ‘‘गेनू अण्णा सुतार यांच्यासारखे ज्येष्ठही आता आमच्या पाठीशी उभे आहेत.’’ लगेच उजवीकडून उत्तर, ‘‘ज्यांना स्वतःच्या घरातलं बघायला सवड नाही, त्यांनी दुसऱ्याच्या वाटणीत नाक खुपसू नये.’’ अरे देवा! जो माणूस घरातलं बघण्यासाठीच दारात आला होता, त्याला हे ऐकवलं. आणि अंथरुणावर ठकूबाईला ते ऐकू आलं.

अण्णानं काय करावं? कापसाचे बोळे केले आणि बायकोच्या कानात घातले. ठकूबाई मोठी मिस्कील. कळा सोसत होती तरी म्हणाली, ‘‘बोळं काढा वो. आज कोन जिकतंय तेवढं तर कळू द्या.’’ अण्णा हसला आणि तोंड फिरवून रडला. काय करणार? दोन्ही एकाच तोंडानं करावं लागतं.

एके दिवशी सकाळी ठकूबाई गेली. कर्णा चालू असताना गेली. शेवटी काही बोलली असेल तर अण्णाला ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगतो, मंडळी, शेवटी ती काही बोलली असेल तर नवऱ्याला ऐकू आलं नाही. ते शब्द कुठून आणणार आता? कोणत्या पंचांपुढं मागणार?

आता तुम्हाला वाटेल, मरण आलं म्हणजे शहाणपण आलं. आलं! ताबडतोब आलं. तासाभरात चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचे दोन फ्लेक्स. ठकूबाईचा फोटो सुपारीएवढा, आणि शोकाकुल म्हणून उत्तम दरवाजाएवढा. तोच गॉगल! समोर शोकाकुल जालिंदर, मागं तोच वाघ. वाघालाही दुःख झालेलं.

तिरडीला पुढचे दोन खांदे या दोघांनीच दिले. नाही कोण म्हणणार? पण एकानं उजवा पाय टाकला की दुसरा डावा टाकी, एक पुढं ओढी तर दुसरा मागं थांबे. भावाच्या पावलाला पाऊल लावलं तर हार नाही का होत? म्हातारी तिरडीवर हलत होती. मागून गेनू अण्णा सारखा म्हणत होता, ‘‘सावकाश रे बाबांनो. तिला लागंल.’’

मयत झालं, माणसं नदीवर अंघोळी करून परत आली. आता एक रीत सांगतो. तुम्हाला माहीत आहे, पण ज्यांनी कॉलनीत फ्लॅट घेतलाय त्यांच्यासाठी सांगतो. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. पेटवायचीच नाही! शेजारपाजारच्या घरातून पिठलं-भाकरी येते. त्याला म्हणतात कडू घास. शेजारी ताट वाढतात, समोर बसतात, ‘घे बाबा, दोन घास खा’ म्हणतात. का? तर ज्याचं माणूस गेलं त्याला त्या दिवशी भूक आठवत नाही, आणि आठवली तर लाज वाटते. म्हणून त्याच्या पोटाची काळजी त्या दिवशी शेजाऱ्यानं करायची. किती शहाणे होते हो आपले लोक! आणि त्या आळीत पहिलं पातेलं नेहमी यसुबाईचं असायचं. यांच्या आईचं. ज्या घराशी तिचा अबोला होता, तिथंही ती पातेलं घेऊन गेलेली. दारात उभी राहून म्हणाली होती, ‘‘भांडान उद्या करू. आज जेवा.’’

तर आता पहिलं पातेलं कुणाचं? बघा, विषय निघाला!

अण्णाच्या दारात डावीकडून सिंधू आली, डोक्यावर पातेलं, पातेल्यात पिठलं. त्याच वेळी उजवीकडून मालन आली, डोक्यावर पातेलं, पातेल्यात पिठलं. दोघी उंबऱ्याशी थांबल्या.

सिंधू म्हणाली, ‘‘थोरलं घर आमचं. सासूबाईचा मान माझ्याकडं. पहिला घास आमचा जाईल.’’

मालन म्हणाली, ‘‘मान पाट्यासंगं नेला काय घरी? सासूबाईचं शेवटचं केलं कुनी?’’

आतमध्ये अण्णा भिंतीला टेकून बसलेला. त्याची लेक रतन सासरहून धावत आलेली, तिची लहानगी चिमी कडेवर. आणि उंबऱ्यात शेवटचं कुणी केलं त्याची चौकशी. कुणाचं शेवटचं? जी त्या दिवशी गेली तिचं नव्हे, जी कधीची गेली तिचं!

बाकीची आळी टोपल्यात भाकरी घेऊन आलेली. पांढऱ्या फडक्याखाली गरम भाकरी. पण आता ठेवायच्या कुठं? सिंधूच्या पातेल्याजवळ ठेवल्या तर मालनला राग, मालनच्या जवळ ठेवल्या तर उत्तम उद्या कर्ण्यावर नाव घेणार. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, ‘‘जरा निवळू द्या बया, मग येऊ.’’ दुसरी म्हणाली, ‘‘त्यांच्यातलं कुनीतरी देईलच की.’’ आणि टोपल्या परत गेल्या. गरम गरम परत गेल्या. सिंधू म्हणाली, ‘‘हिच्या मागनं माझं पातेलं मी ठिवायची न्हाई,’’ आणि पिठलं घेऊन गेली. मालन म्हणाली, ‘‘मग मी तर का ठिवू?’’ तिनंही नेलं. असं शुद्ध तत्त्वाचं पिठलं होतं ते. ज्याच्या त्याच्या घरी गेलं.

आणि गच्चीवर उत्तमनं कर्णा लावला. ‘‘आळीतील सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, आज दुःखद प्रसंगी आमच्या घरून नेलेलं अन्न काही विघ्नसंतोषी...’’ इकडून जालिंदर, ‘‘अन्नाचंही राजकारण करणाऱ्यांचा आम्ही जाहीर निषेध...’’ आळी दारात येऊन ऐकायला लागली. ऐकणं आलंच ना, नाही तर कळणार कसं कोण बरोबर?

आत चिमी रडत होती. सकाळपासून पोरीच्या पोटात काही नव्हतं. आईला म्हणाली, ‘‘भूक लागली.’’ रतन म्हणाली, ‘‘थांब, आणतील.’’ पुन्हा म्हणाली. रतन म्हणाली, ‘‘येतील गं.’’ मग पोरगी आजीच्या रिकाम्या अंथरुणाकडे बघून म्हणाली, ‘‘आजी कुठं गेली? आजी देते मला भाकरी.’’

गेनू अण्णा उठला. लेक म्हणाली, ‘‘आबा, कुठं?’’ तो चुलीपुढं बसला. गोवरी मोडली, काडी ओढली आणि चूल पेटवली. अंगावरचं धोतर अजून ओलं होतं. रतननं तोंडाला पदर लावला. ‘‘आबा, आज चूल...’’ अण्णानं परातीत पीठ घेतलं. आयुष्यात कधी भाकरी थापली नव्हती. पाणी जास्त झालं, पुन्हा पीठ घातलं. भाकरी हातात मोडली, तशीच तव्यावर टाकली.

आणि मंडळी, धूर निघाला. ज्या घरातून सकाळी तिरडी निघाली, त्याच घराच्या धुराड्यातून दुपारी धूर निघाला!

पहिल्यांदा दिसला तो उत्तमला. तो गच्चीवर होता, उंचावर. ‘विघ्नसंतोषी’च्या पुढचा शब्द त्याच्या तोंडात होता, तो तिथंच राहिला. पलीकडच्या गच्चीवर जालिंदर बोलायचा थांबला. कर्ण्यातून नुसती खरखर यायला लागली. सारी आळी वर बघत उभी. दुखवट्याच्या घरातून धूर! आपण जिवंत असताना! आळीत एवढी घरं असताना!

मग मात्र धावाधाव. पातेली आली, टोपल्या आल्या, डावी-उजवी कुणाला आठवेना. उत्तम आणि जालिंदर एकाच वेळी उंबऱ्यात शिरले. अण्णा तव्यावरची भाकरी उलटत होता. त्यानं वर बघितलं नाही. म्हणाला, ‘‘ठिवा तिकडं. पोरीचं झालं आता.’’

उत्तम म्हणाला, ‘‘अण्णा, चुकलं.’’

अण्णा म्हणाला, ‘‘तुमच्यात कुनाचं चुकलं ते मला ठावं न्हाई रे. महिनाभर दोघं सांगत हायसा, तरी मला कळलं न्हाई. तुम्हा दोघांची समदी मानसं जिती हायेत. माझं मानूस आज गेलं. आजच्या दिवस तरी मला तिच्यासाठी रडू द्यायचं व्हतं. मी भाकरी करत बसलो.’’

बस. एवढंच बोलला. मोडकी भाकरी कुस्करून पोरीला भरवली आणि स्वतः हात धुतले.

आता तुम्ही वाट बघताय की भाऊ गळ्यात गळा घालून रडले. काही नाही! अजून बोलत नाहीत. पाट्यावर बादली आहेच, वरवंटा दाराला आहेच. फक्त दोन्ही गच्च्यांवरचे कर्णे उतरले आणि अबोला आपापल्या घरात गेला. भांडण मिटलं नाही, पण आळीला झोप लागायला लागली. गेनू अण्णाला अजून लागत नाही, ती गोष्ट वेगळी. तो पहाटे जागा असतो आणि ठकूबाई शेवटी काय बोलली असेल याचा विचार करतो. त्याचा निकाल कोणत्याही पंचाकडे नाही.

मंडळी, तुम्ही चांगली माणसं आहात. गच्चीवर कर्णा लावणार नाही, फ्लेक्स लावणार नाही. तुम्ही फक्त अंगणात आवाज चढवाल, फोनवर दोन ओळी टाकाल, चार लोकांना विचाराल ‘‘तुम्हीच सांगा, कुणाचं चुकलं?’’ तेवढं करायच्या आधी एक करा. दाराबाहेर या, शेजारच्या घराकडे बघा, कान देऊन ऐका. तिथं कुणाला परीक्षा असेल, कुणाचं दुखणं असेल, कुणी कुणाला शेवटचं काहीतरी सांगत असेल. तुम्हाला माहीत नसेल, कारण बोलत तुम्ही होता.

आज इथून घरी जाताना शेजाऱ्याची कडी वाजवा आणि विचारा, ‘काय, बरं आहे ना?’ आणि तो काय सांगतो ते ऐकून घ्या.